चारशे ऐंशी पावलं

गोंदियाच्या मेन रोडवरून ऑटोत बसून जाणाऱ्या माणसाची काकाजींना कीव यायची. "पाय तं धड दिसून राहिले याचे," असं ते त्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचे. एकदा आमचे उपअभियंता साहेब त्यांच्या तावडीत सापडले. साहेब जीपमध्ये आणि काकाजी रस्त्यावर. "साहेब, रस्ता बुडाखालून निंगून जाते अन् तुमाले कळत बी नाई," असं भर चौकात सांगून ते पुढे चालू लागले. साहेबांनी ऑफिसात येऊन मला विचारलं, "हा माणूस रिटायर कधी होणार?" मी म्हटलं, "झालेत साहेब, दोन वर्षांपूर्वीच."

काकाजी हे काही त्यांचं नाव नव्हे. पण नगरपरिषदेत शिपायापासून नगरसेवकापर्यंत कुणी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही, तेव्हा इथंही तेच चालू दे. बांधकाम विभागात मोजणीची साखळी धरणं, पुढे साखळी जाऊन टेप आला तेव्हा टेपचं टोक धरणं, हे त्यांचं जन्मभराचं काम. निवृत्तीनंतरही ते रोज यायचे, आणि निवृत्तीच्या आधीपेक्षा अर्धा तास लवकर यायचे. आता कुणी हजेरी मांडत नाही म्हणून वेळेवर यावं लागतं, असं त्यांचं म्हणणं.

मी आमगावची. रोज सकाळच्या गाडीनं गोंदियाला यायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत. कनिष्ठ अभियंता म्हणून लागले तेव्हा हातात नवा कोरा कॅल्क्युलेटर होता आणि अनुभव त्याहून कोरा. मेन रोडच्या डांबरीकरणाचं पहिलं अंदाजपत्रक करून मी टेबलावर ठेवलं. काकाजींनी चष्मा न लावता त्यावर एक नजर टाकली.

"मॅडम, तुमचा रस्ता चाळीस फूट कमी भरून राहिला."

"लांबी फाईलमधून घेतली आहे," मी जरा तोऱ्यातच म्हटलं.

"फाईल बसून राहते जी. रस्ता चालते. चला."

भर उन्हात आम्ही टेप घेऊन गेलो. एकोणचाळीस फूट कमी भरला. मी म्हटलं, "बघा, तुमचाही एक फूट चुकला." ते शांतपणे टेप गुंडाळत म्हणाले, "उन्हानं टेप ताणला असन. मी नाई ताणलो."

असा हा माणूस. स्वतःबद्दल शंका नावाची गोष्ट त्यांच्याकडे औषधालाही नव्हती. आणि खरं सांगायचं तर तशी ती असायचं कारणही नव्हतं, कारण त्यांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. साधारण अडीच फूट नव्हे, बरोबर अडीच फूट. ते विशीत रोजंदारीवर लागले तेव्हाच्या जुन्या मुकादमानं अग्निशमन बंबाच्या शेडसमोर जमिनीवर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, अडीच-अडीच फुटांवर. नव्या माणसानं रोज सकाळी त्यावरून चालायचं, आधी खाली बघून, मग न बघता. टाच रेघेवर पडली नाही तर पुन्हा पहिल्यापासून. एका महिन्यात बाकीचे चौघं कंटाळून पळाले. काकाजी टिकले. तेव्हापासून ते पाऊल त्यांनी जपलं, जसं एखादी बाई मंगळसूत्र जपते. बूट नेहमी एकाच जातीचे, खाकी कॅनव्हासचे. टाच बदलली की पाऊल बदलतं म्हणून चपला कधी घातल्या नाहीत, सासुरवाडीलासुद्धा नाही.

खात्यात नवा माणूस आला की त्याला मेन रोड दाखवण्याचं काम काकाजींनी स्वतःच स्वतःकडे घेतलेलं होतं. सुरुवात स्टेशनच्या जुन्या फाटकाच्या दगडी खांबापासून. त्या खांबाला हात लावायचा आणि निघायचं. मलाही नेलं.

"आधी स्टेशन, मंग गाव," ते सांगायचे. "गाव स्टेशनाच्या मागं पळत पळत आलं. मुंबईची गाडी, कलकत्त्याची गाडी, दोघी इथं पानी पिऊन जात. छोटी लाईन जबलपूरकडून लाकूड घेऊन ये, तेंदूपत्ता घेऊन ये. नागपूरवाले सांगते का तुमाले हे? ते कायले सांगतीन!"

मग विड्यांचं गोदाम. तिथं आता मोबाईलची दुकानं आहेत, पण काकाजी तिथं थांबून सांगायचे की सकाळी बाया टोपल्यांत विड्या घेऊन रांगेनं उभ्या राहत आणि छाटणारा बाबू वाकडी विडी दिसली की मोडून फेकायचा. त्याचं बोलणं ऐकून बाया हसायच्या, पण मोडलेल्या विडीकडे बघून कुणी हसायची नाही. मग टाकीज. टाकीज पडून तिथं तीन मजली कॉम्प्लेक्स झालं त्याला किती वर्षं झाली असतील, पण काकाजींच्या तोंडी ते टाकीजच. मग कापडबाजार. "नागपुरातल्या बाया लुगडं घ्याले इथं येत," असं ते म्हणायचे. मी एकदा म्हटलं, "काकाजी, उलटं असेल. आपल्या बाया नागपूरला जातात." ते माझ्याकडे असे बघत राहिले की मी पुढचे दोन चौक गप्प चालले.

आपला तो बाब्या, हे त्यांच्या रस्त्याबद्दल पुरेपूर खरं होतं. पण माझ्याबाबतीत त्यांनी एक केलं. कापडबाजाराच्या अलीकडे, जिथं रस्ता थोडा रुंद होतो, तिथं थांबून विचारलं, "तुम्ही आमगावच्या ना? धान असन घरी?"

"हो. आजोबा असेपर्यंत गोंदियालाच आणून विकायचे."

"मंग त्यायची बैलबंडी इथंच उभी राहत असन. तुमच्या बैलायनं इथंच पानी पेलं असन."

त्या दिवसापर्यंत मेन रोड म्हणजे माझ्यासाठी खड्डे, पार्किंग आणि तक्रार अर्ज होते. घरी जाऊन बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, "हो तं. विहीर होती तिथं. आज्यासोबत मी बी जात होतो." मला एकदम त्या रस्त्याचा अभिमान वाटायला लागला, आणि आता तो कमी होईल असं वाटत नाही.

पण काकाजींना लोक वेडं म्हणायचे ते या पाणी पिणाऱ्या बैलांमुळे नाही. त्याच जागी ते रोज करत त्या प्रकारामुळे. जवळच्या मुर्री गावाहून सायकलनं यायचं, सायकल स्टेशनवर लावायची, खांबाला हात लावून मान खाली घालून चालत निघायचं. ओठ हलत असायचे. वाटेत कुणी नमस्कार केला तरी उत्तर नाही. चारशे ऐंशी पावलं झाली की थांबायचं आणि तिथंच, रस्त्याच्या मध्यापासून थोडं डावीकडे, दहा-पंधरा मिनिटं उभं राहायचं. तेवढ्यात तिथं भरलेला ट्रक थांबला की झालं. "पुढं घ्या! पुढं घ्या!" ट्रकवाला शिव्या द्यायचा, काकाजी बोनेटवर थाप मारायचे. पावसाळ्यात तर दिवसातून तीनदा.

त्यांच्या मोठ्या मुलाची वरात याच रस्त्यानं गेली. बँड जोरात, पोरं नाचत होती, नवरदेव घोडीवर. नेमकी त्या जागी वरात रंगली. काकाजी पुढे होते, ते मागे वळून बँडवाल्याच्या अंगावर धावून गेले. "इथं नाई नाचाचं! चला, पुढं चला!" नाचणाऱ्या व्याह्याच्या दंडाला धरून त्यांनी त्याला वीस पावलं पुढे नेलं. व्याही रुसला तो जेवायलाच बसेना. काकूंनी मला हे सांगताना कपाळाला हात लावला होता. "पोराच्या लग्नात बी यायले रस्ताच दिसला," त्या म्हणाल्या.

मला कारण कळलं ते चौथ्या वर्षी. ते निवृत्त झाले त्या दिवशी हार, पेढे, भाषणं सगळं आटोपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. तोवर 'मॅडम'चं 'बाई' झालं होतं, आणि आमच्याकडे वडीलधारा माणूस 'बाई' म्हणतो तेव्हा त्यात लेकीची माया असते.

"बाई, त्या जागी विहीर हाय," ते म्हणाले. "बंड्यावाल्यायची. रस्ता रुंद केला तवा ती रस्त्यात आली. वरतून दगडी पाट टाकले, मुरूम टाकला, डांबर टाकलं. मुकादम म्हणे, सध्या झाका, उन्हाळ्यात बुजवू. तो उन्हाळा आलाच नाई. मुकादम मेला. नकाशा होता तो वाळवीनं खाल्ला. शेवटचा पाट म्याच ठेवला होता बाई, या हातानं. मुकादम बोलला होता, खांबापासून मोज अन् ध्यानात ठेव. चारशे ऐंशी."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"सगळ्यायले सांगितलं. अर्ज देल्ले. पाच साहेब बदलले. सगळे म्हणे कागद दाखव."

मी म्हटलं की निदान खूण म्हणून एखादं दुकान तरी लक्षात ठेवायचं. तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते त्यांचं आवडतं वाक्य होतं, पुढे मी ते शंभरदा ऐकलं. "पाटी बदलते, दुकान बदलते, झाड तुटते. पाऊल बदलत नाई."

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मेन रोड सिमेंटचा करायचं ठरलं. जुनं डांबर खरवडायचं, खडी टाकून थरथरणाऱ्या रोलरनं दाबायची, वर काँक्रीट ओतायचं. काम स्टेशनकडून सुरू झालं. काकाजी रोज कामाच्या पुढे चालायचे, आणि रोज माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहायचे.

"तो रोलर किती टनाचा हाय?"

मी सांगितलं.

"पाट तुटन. ड्रायव्हर खाली जाईन, रोलर त्याच्या वर जाईन. तुमी लिहून घ्या."

मी लिहून घेतलं, आणि सहीनिशी वर पाठवलं. उपअभियंता साहेबांनी मला बोलावून समजावलं की माझी नोकरी अजून खूप शिल्लक आहे. मीही हट्टाला पेटले. शेवटी ते म्हणाले, "एक खड्डा. ते दाखवतील तिथं. एकच. नाही निघाली तर तुमचे काकाजी पुन्हा साईटवर दिसता कामा नयेत."

भर लग्नसराईचे दिवस. काकाजी त्या सकाळी पांढरं धुतलेलं धोतर नेसून आले. खांबाला हात लावला, मान खाली घातली आणि निघाले. मी, ठेकेदार, जेसीबीवाला आणि अर्धा बाजार मागे. चारशे ऐंशीवर ते थांबले आणि टाचेनं डांबरावर खूण केली. मी टेप लावून बघायला हवं होतं, पण त्यांच्या पावलावर टेप लावायचं मला सुचलंच नाही.

खोदलं. चार फूट खोदलं, मुरूम. सहा फूट, मुरूम. रुंदी वाढवली. आठ फुटांवर पिवळी माती लागली, जी कुणी कधी हलवलेली नाही हे कुणालाही दिसावं अशी. ठेकेदार गॉगल काढून खड्ड्यात डोकावला आणि म्हणाला, "काकाजी, कुआँ चोरी हो गया क्या?"

लोक हसले. हसण्यासारखंच होतं, मी त्यांना दोष देत नाही. काकाजींनी खाली वाकून त्या मातीची एक चिमूट उचलली, बोटांनी चोळली आणि परत खड्ड्यात टाकली. माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याच्या कडेला गेले, एका ऑटोला हात दाखवला आणि आत बसले.

त्यांना ऑटोत बसलेलं बघून मला रडू आलं. भर रस्त्यात, हेल्मेट घालून, सगळ्यांसमोर. खोटं कशाला सांगू?

खड्डा बुजवला. साहेबांनी फोन करून फक्त "झालं?" एवढंच विचारलं. पुढचे तीन दिवस काकाजी आले नाहीत, आणि रोलर रोज पुढे सरकत होता. चौथ्या दिवशी दुपारी मी उन्हातून कापडवाल्या शेठच्या दुकानात पाणी प्यायला गेले. शेठ सत्तरीचे, रस्त्यावरचं दुकान त्यांच्या वडिलांचं. गादीवर लोडाला टेकून म्हणाले, "मैडम, बुरा लगा काकाजी का. बेचारे पहले हमारी दुकान के सामने खड़े रहते थे, तब हमारे यहाँ ट्रक की किचकिच नहीं थी."

मी ग्लास खाली ठेवला. "तुमच्या समोर? ते तर दहा दुकानं तिकडे, जोडेवाल्यासमोर उभे राहतात."

"अब. पहले हमारे सामने थे. फिर कुछ साल घड़ीवाले के सामने. फिर बर्तनवाले के. धीरे-धीरे उधर सरक गए, स्टेशन की तरफ. मैंने तो एक बार बोला भी था उनको."

"मग काय म्हणाले?"

शेठ हसले. "बोले, शेठ, तुमचं दुकान सरकलं असन."

मी तशीच उठले. शेठच्या दुकानासमोरच्या गर्दीत उभं राहून स्टेशनच्या दिशेला बघितलं आणि मला सगळं दिसलं. इतकी वर्षं आम्ही इंजिनियर, साहेब, ठेकेदार कागद शोधत होतो, आणि काखेत कळसा तसा शेठ आपल्या गादीवर बसून होता. पण जे दिसलं ते काकाजींना कोणत्या तोंडानं सांगायचं, हा खरा प्रश्न होता.

संध्याकाळची गाडी सोडून मी मुर्रीला गेले. काकूंनी दार उघडलं. "पाहा बाई तुमीच. चार दिवस झाले, घरातून निंगून नाई राहिले. आंगणातच येरझारा मारून राहिले. जेवत बी नाईत धड."

अंगण मोठं होतं. एका कडेला तुरीच्या काड्या रचलेल्या, दुसरीकडे गाईचा गोठा. काकाजी भिंतीपासून भिंतीपर्यंत चालत होते. मला बघून थांबले.

मी शेठ काय म्हणाले ते जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तो शेठ म्हातारा झाला."

"काकाजी," मी म्हटलं, "तुम्ही पण."

हे मी कसं बोलले ते मला आजही कळत नाही. माझ्या बापाला मी असं बोलले नसते. काकू दारात थबकल्या. काकाजींचा चेहरा लाल झाला. "मले मोजाले आली का तू? इतकी वर्षं या पावलानं रस्ते मोजले, अन् तू मले मोजतेस?"

"मी नाही मोजत. तुम्हीच मोजा. परवा रोलर तिथं पोचतो."

ते आत गेले. मला वाटलं, संपलं. पण ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या एका हातात चुन्याचा डबा होता आणि दुसऱ्या हातात ऑफिसचा जुना टेप. भिंतीपासून सुरुवात करून त्यांनी अंगणात खाली बसून रेघा मारायला घेतल्या. अडीच फूट, रेघ. अडीच फूट, रेघ. टेपचं टोक मी धरलं. दहा रेघा झाल्या. मग त्यांनी आपले कॅनव्हासचे बूट आणले, भिंतीला टेकून घातले, नाडी बांधली आणि भिंतीला टाच लावून मान वर करून, समोर बघत, चालले.

दहाव्या पावलाला थांबले आणि खाली बघितलं.

टाच नवव्या रेघेवर होती. दहावी रेघ एक पूर्ण पाऊल पुढे, पांढरी स्वच्छ.

त्यांनी पुन्हा चालून बघितलं. पुन्हा नवव्या रेघेवर. तिसऱ्यांदा त्यांनी जाणूनबुजून लांब टाकायचा प्रयत्न केला, तर गुडघा लचकला आणि काकू "अवो, काऊन असं करता?" म्हणत धावल्या. काकाजींनी त्यांचा हात बाजूला केला. त्या चुन्याकडे बघत ते बराच वेळ उभे राहिले. आयुष्यात त्यांनी देवापुढे एवढा वेळ मान खाली घातली नसेल.

मग त्यांचे ओठ हलायला लागले. हिशेब चालला होता. दहा पावलांमागं एक कमी, म्हणजे चारशे ऐंशीमागं अठ्ठेचाळीस.

"एकशे वीस फूट," ते म्हणाले. "विहीर एकशे वीस फूट पुढं हाय बाई. शेठचं दुकान नाई सरकलं." आणि थोड्या वेळानं, अगदी साध्या आवाजात, "मीच सरकलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी परवानगी कोण देणार होतं? साहेबांनी फोन उचलला नाही. ठेकेदार म्हणाला, एकदा तोंडावर पडलात, आता पुरे. लग्नसराईत आपल्या दुकानासमोर खड्डा म्हणजे व्यापाऱ्याला किती जिवावर येतं, हे मेन रोडवर ज्यानं काम केलंय त्याला विचारा. नालीची झाकणं बदलायची म्हटलं तरी मोर्चा येतो. पण कापडवाले शेठ गादीवरून उठून बाहेर आले आणि ठेकेदाराला म्हणाले, "खोदो. हमारी दुकान के सामने खोदो. दो दिन धंधा नहीं होगा तो नहीं होगा. मेरे बाप ने इस कुएँ का पानी पिया है." बाजूचा घड्याळवाला आला. भांडेवाला आला. बघता बघता सात-आठ दुकानदार रोलरसमोर उभे राहिले. तो आपला गोंदियाचा मेन रोड होता आणि मी तिथली इंजिनियर होते. त्या क्षणी मला कलेक्टर झाल्यासारखं वाटलं.

आम्ही टेपनं मोजलं. खांबापासून बाराशे फूट. काकाजी चालले नाहीत, टेपचं टोक धरून उभे राहिले, त्यांचं पहिलं काम होतं तसंच. तीन फुटांवर जेसीबीचा दात टणकन वाजला. काकाजी म्हणाले, "थांबा. मशीन नाई. हातानं."

फावड्यानं मुरूम बाजूला केला. एक लांब दगडी पाट दिसला, मग त्याच्या शेजारी दुसरा. दुसऱ्याला मधोमध तडा गेलेला. तिसरा पाट पहारीनं उचकटला तेव्हा आतून गार हवेचा झोत आला आणि सगळी गर्दी आपोआप दोन पावलं मागे सरली. कुणीतरी खडा टाकला. आम्ही वाट बघितली. खूप खालून डुबुक आवाज आला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रोलरचा ड्रायव्हर छत्तीसगडचा होता. त्यानं वाकून आत बघितलं, तडा गेलेल्या पाटाकडे बघितलं, आपल्या रोलरकडे बघितलं, आणि "बबा", त्यांच्या बोलीत आजोबा, म्हणून काकाजींच्या पायावर डोकं ठेवलं. काकाजींनी त्याला उठवलं आणि विचारलं, "घरी कोन कोन हाय तुह्या?" तो सांगत राहिला, काकाजी ऐकत राहिले.

विहीर बुजवायला चार दिवस लागले. पण त्याआधी शेठनी नारळ आणला, काकूंनी हळदकुंकू वाहिलं. दोरीला बादली बांधून पाणी काढलं तर ते स्वच्छ निघालं. घड्याळवाल्यानं ते आपल्या दुकानातल्या बाटलीत भरून ठेवलं. मग दगड, वाळू, मुरूम, प्रत्येक थर पाणी मारून, काकाजींच्या देखत. माझे साहेब तेव्हा हजर होते आणि वर्तमानपत्रात फोटोही त्यांचाच आला, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी काकाजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरवलं. काकाजी म्हणाले, शाल नको. उन्हाळा हाय. नव्या रस्त्याचा नकाशा निघन तवा मले बोलवा.

नकाशा मी काढला. तयार झाला त्या दिवशी ते ऑफिसात आले आणि टेबलावर ओणवे झाले. स्टेशनचा खांब, टाकीजच्या जागेचं कॉम्प्लेक्स, कापडबाजार, सगळं बोटानं तपासलं. बाराशे फुटांवर मी एक भरीव वर्तुळ काढून लिहिलं होतं, 'जुनी सार्वजनिक विहीर, बुजवलेली'. त्यावर त्यांनी मान हलवली.

"आता अलीकडं एक गोल काढ," ते म्हणाले. "एक हजार ऐंशीवर. रिकामा."

"कशाला काकाजी? तिथं काहीच नाही."

"तेच लिह. इथं विहीर नाई."

साहेब खुर्चीतून म्हणाले, "अहो, नकाशावर जे आहे ते दाखवतात. जे नाही ते कशाला?"

"साहेब, तिथं आठ फूट खड्डा खोदला होता. माती हाललेली हाय. उद्या रस्ता तिथंच खचन. मंग पुढचा इंजिनियर म्हनन, काऊन खचला? त्याले कळलं पायजे का इथं एका मानसाचं चुकलं होतं."

मी रिकामं वर्तुळ काढलं आणि लिहिलं. नकाशावर मोजणी करणाऱ्याची सही लागते. निवृत्त माणसाची चालत नाही हे साहेबांना ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण साहेबांनी स्वतःचं पेन काढून पुढे केलं.

मी भरीव वर्तुळाशेजारी बोट ठेवलं. काकाजींनी ते बाजूला केलं, पेन नीट धरलं, आणि सही केली ती रिकाम्या वर्तुळाशेजारी.